कोपरगाव तालुक्यात घर चालवायला महिन्याला किती लागतं? भाव कमी, पण पाणी, अंतर आणि उशिरा येणारा पैसा महाग

कोपरगाव : "गावाकडं काय, खर्चच नसतो," असं पुण्या-नाशिकला राहणारे पाहुणे नेहमी म्हणतात. गावात राहणाऱ्याला मात्र महिनाअखेरीस खिसा रिकामाच दिसतो. दोघांचंही खरं आहे. घर स्वतःचं, ज्वारी-गहू घरचा, दूध गोठ्यातलं, म्हणून वरवर पाहिलं तर खर्च कमीच. पण काही खर्च असे आहेत की ते किराण्याच्या यादीत येत नाहीत. हे खर्च कोणते, ते कसे मोजायचे आणि त्यातले कोणते कमी करता येतात, याची एकत्र माहिती या लेखात आहे. गावी परत यायचा विचार करणाऱ्यांना आणि गावातून शहरात जायचा विचार करणाऱ्यांना, दोघांनाही ती उपयोगी पडेल.

तालुका एका नजरेत

• अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गोदावरीच्या काठी. एका बाजूला नाशिक जिल्हा, दुसरीकडे वैजापूर तालुका.
• २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या ३ लाख २ हजार ४५२, त्यात कोपरगाव शहराची ६५ हजार २७३.
• जमीन बहुतेक सपाट आणि काळी. पाऊस कमी, म्हणून सगळी भिस्त धरणाच्या पाण्यावर.
• मुख्य पिकं ऊस, सोयाबीन, मका, कांदा, गहू. जोडीला दूधधंदा.
• दोन सहकारी साखर कारखाने, साकरवाडीचा गोदावरी बायोरिफायनरीजचा प्रकल्प, मनमाड-दौंड रेल्वेमार्गावरचं स्टेशन, काकडीचा शिर्डी विमानतळ (सुरू : १ ऑक्टोबर २०१७) आणि समृद्धी महामार्ग. या महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला.

सरकारी पाहणी काय सांगते?

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्च पाहणीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च सरासरी ४,०१० रुपये निघाला, तर शहरी भागात ६,६५७ रुपये. पाच माणसांचं घर धरलं तर गावात २०,०५० आणि शहरात ३३,२८५. म्हणजे महिन्याला १३ हजारांहून जास्त फरक.

हा आकडा पाहून गाव स्वस्त असं म्हणायला हरकत नाही. पण या पाहणीत काय धरतात आणि काय सोडतात, तेही बघा. घरी पिकवून खाल्लेलं धान्य, दूध यांची किंमत खर्चात धरली जाते. मात्र शेतीचा खर्च त्यात येत नाही. बोअर घेतला, मोटार जळाली, पाइपलाइन टाकली, सोसायटीचा हप्ता भरला, यातलं काहीच त्यात नाही. स्वतःच्या घराचं भाडंही धरत नाहीत. शेतकऱ्याच्या घरात शेतीचा पैसा आणि घरचा पैसा एकाच खिशातून जातो. त्यामुळं कागदावर २० हजारांत चालणारं घर प्रत्यक्षात ओढाताणीत असू शकतं.

पहिला खर्च : पाणी

कोपरगाव तालुक्यात "राहायला कुठलं गाव चांगलं" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा पाण्यावर येऊन थांबतं. ढोबळमानानं तालुक्याचे तीन भाग पडतात.

१. नदीकाठ : चासनळी, मंजूर, सुरेगाव, कोकमठाण, संवत्सर ही गोदाकाठची गावं. बंधारे भरले की विहिरींना पाणी टिकतं. पण पुराचा धोकाही इथंच. ऑगस्ट २०१९ च्या पुरात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. नदीकाठी घर बांधताना किंवा प्लॉट घेताना पूररेषा बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

२. पाटाचा भाग : निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यावरून निघणारे गोदावरीचे डावा आणि उजवा कालवा शंभरहून जास्त वर्षांचे आहेत. दारणा, गंगापूर ही वरची धरणं त्यांना पाणी देतात. आवर्तन सुटलं की पाट वाहतो, आजूबाजूच्या विहिरी भरतात. आवर्तन लांबलं की जळालेलं पीक आणि आटलेली विहीर असा दुहेरी फटका बसतो. पाटपाणी हवं असेल तर नमुना नंबर ७ चा अर्ज मुदतीत भरावा लागतो, हे नव्यानं शेती बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

३. जिरायत पट्टा : काकडी, रांजणगाव देशमुख, बहादरपूर, अंजनापूर, जवळके ही दक्षिणेकडची गावं. निळवंडे धरणाला पहिली मंजुरी १९७० ची. डाव्या कालव्याची चाचणी ३१ मे २०२३ ला झाली आणि २६ ऑक्टोबर २०२३ ला कालव्याचं लोकार्पण झालं. म्हणजे ज्या आजोबांनी मंजुरीची बातमी ऐकली, त्यांच्या नातवानं पाटाला पाणी पाहिलं. आता पोटचाऱ्या शेतापर्यंत पोहोचल्या की या गावांचं गणित बदलेल.

याच्यावर आणखी एक गोष्ट आहे, समन्यायी पाणीवाटप. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानुसार टंचाईच्या वर्षात पाणी खालच्या आणि वरच्या भागांत वाटून घ्यावं लागतं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विषय निघतो. २०२३ मध्ये अशाच आदेशानं ८.६ टीएमसी पाणी सोडायचं ठरलं होतं. मराठवाड्याच्या लोकांनाही प्यायला पाणी लागतंच. पण त्या वर्षी कोपरगावच्या शेतकऱ्याचं एखादं आवर्तन कमी होतं, हेही खरं. म्हणून ऑक्टोबरात जायकवाडीचा आकडा बघूनच इथं उन्हाळी पिकाचा आणि घरखर्चाचा अंदाज बांधावा.

शहरातही सुटका नाही. कोपरगाव शहराचं पिण्याचं पाणी कालव्याच्या आवर्तनावर भरणाऱ्या साठवण तलावांतून येतं. त्यामुळं नळाला रोज पाणी नसणं शहराला वर्षानुवर्षं माहीत आहे. येसगावच्या पाच नंबर तलावाची मागणी याच त्रासातून पुढं आली. शहरात भाड्यानं घर घेताना खोल्या मोजण्याआधी टाकी मोजा. हिशोब सोपा आहे :

• जलजीवन मिशनच्या निकषानं माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांना रोज २७५ लिटर.
• पाणी चार दिवसांआड येत असेल, म्हणजे दर पाचव्या दिवशी, तर १,३७५ लिटर साठवावं लागेल.
• आठ दिवसांनी येत असेल तर २,२०० लिटर.

पाचशे लिटरची एकच टाकी असलेलं घर भाड्याला स्वस्त मिळालं तरी उरलेलं पाणी विकत घ्यावं लागतं. शिवाय पाणी सुटण्याच्या वेळी घरात कोणीतरी थांबावंच लागतं. हे काम बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं. ती कुठं कामाला जात असेल तर तो खाडा, म्हणजे तोही पाण्याचाच खर्च.

दुसरा खर्च : अंतर

तालुका सपाट, रस्ते चारही दिशांना. तरीही इथं राहणाऱ्याचा मोठा पैसा रस्त्यावरच जातो. कोपरगाव ते शिर्डी साधारण १५ किलोमीटर, पण जिल्ह्याचं ठिकाण जवळपास १०० किलोमीटर. अहिल्यानगर हा क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. त्यामुळं जिल्हा पातळीवरचं एक कागदाचं काम म्हणजे अख्खा दिवस, एक मजुरी बुडाली आणि प्रवास वेगळा.

रोजच्या अंतराचा हिशोब असा करा. समजा घरातला एक मुलगा कामासाठी जाऊन-येऊन ४० किलोमीटर मोटारसायकल चालवतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर १,००० किलोमीटर. लिटरला ५० चं ॲव्हरेज धरलं तर २० लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर २,१०० रुपये. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग वेगळं. म्हणजे गावात राहून वाचवलेलं घरभाडं बऱ्याचदा पेट्रोल पंपावर जातं.

एसटीनं जाणाऱ्यांसाठी सध्याच्या सवलती अशा :

• महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत (१७ मार्च २०२३ पासून).
• ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मं तिकीट.
• विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत.
• पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास.

२५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं आहे. पण सवलतीपेक्षा मोठा प्रश्न गाडी वेळेवर येण्याचा. फाट्यावर उभं राहून तास गेला तर माणूस वडाप धरतो किंवा मोटारसायकल काढतो. म्हणून वस्तीवर राहणाऱ्यांनी घरापासून फाट्यापर्यंतचं अंतर आणि संध्याकाळची शेवटची गाडी, या दोन गोष्टी आधी बघाव्यात. मुलीचं कॉलेज चालू राहणार की बंद होणार, हे कित्येकदा या शेवटच्या गाडीवर ठरतं.

समृद्धी महामार्ग आणि विमानतळामुळं नागपूर, मुंबई जवळ आली. जमिनीला भाव आला. ज्यानं जमीन विकली त्याचा फायदा झाला. पण ज्याला राहायला दोन गुंठे घ्यायचे आहेत त्याला तीच जमीन महाग झाली.

तिसरा खर्च : उशिरा येणारा पैसा

नोकरदाराचा पगार महिन्याला येतो. उसाचा पैसा वर्षातून एकदा, आडसाली असेल तर दीड वर्षानं. किराणा मात्र दर आठवड्याला लागतो. या मधल्या काळात जी उधारी होते, तिचं व्याज हा गावातला न दिसणारा खर्च.

२०२५-२६ च्या गाळप हंगामासाठी उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये आहे. यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. आता उदाहरणापुरतं गणित मांडू :

• एकरी ४० टन ऊस, तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,७०० रुपये हातात : १,०८,००० रुपये.
• बेणं, खत, मशागत, पाणी, मजुरी मिळून खर्च ५०,००० रुपये.
• शिल्लक ५८,००० रुपये, पीक उभं १६ महिने.
• म्हणजे एकराला महिन्याचे ३,६२५ रुपये.

तुमच्या शेताचे आकडे घालून हेच गणित करून बघा. "तीन एकर बागायत आहे" म्हणजे महिन्याचा नेमका पगार किती, ते कळेल. कांद्याचं तर आणखी अवघड. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली, त्यानंतरचं निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. इतक्या काळात चाळीतला कांदा कधी सोनं तर कधी माती.

मधल्या काळात पैसे कुठून उचलता, त्यावर खर्च ठरतो. सोसायटी किंवा बँकेचं ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शून्य टक्के व्याजानं पडतं. तेच ५० हजार शेकडा ३ रुपये महिन्यानं खासगीत उचलले तर चार महिन्यांचं व्याज ६,००० रुपये. कारखान्यानं ऊस नेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावी आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावं, असं ऊस नियंत्रण आदेश सांगतो. वजनकाट्याच्या पावत्या आणि बिलं जपून ठेवा. मागायची वेळ आली तर कागदच लागतो.

तिन्ही मिळून किती?

वरच्याच उदाहरणांतून एका घराची बेरीज करू. आकडे समजून घेण्यापुरते आहेत :

• रोज एक जार, २० रुपयांनी : महिन्याला ६०० रुपये.
• उन्हाळ्यात सहा टँकर, ८०० रुपयांनी ४,८०० : बारा महिन्यांत वाटले तर ४०० रुपये.
• एका माणसाचं पेट्रोल : २,१०० रुपये.
• खासगी उसनवारीचं व्याज ६,००० : महिन्याला ५०० रुपये.

एकूण ३,६०० रुपये. म्हणजे उदाहरणातल्या एका एकर उसाची महिन्याची कमाई जवळपास पूर्ण यातच गेली. अजून किराणा, शाळा, दवाखाना, लग्नकार्य यातलं काहीच धरलेलं नाही. गाव स्वस्त असूनही पुरत नाही, त्याचं कारण हे.

जिथं खरोखर पैसे वाचतात

धान्य : प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मोफत आहे. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ही मुदत आहे. कार्डावर सगळ्यांची नावं आणि ई-केवायसी आहे का, ते रेशन दुकानात तपासा.

वीज : साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे. घरचं बिल मात्र टप्प्यांनी वाढतं. १०० युनिटपर्यंतचा दर कमी आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला जास्त. स्वतःचं छत असेल तर सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या पॅनेलला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे.

दवाखाना : महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यासाठी रुग्णालय योजनेत नोंदलेलं हवं. शिर्डी आणि लोणी इथली मोठी रुग्णालयं जवळ असणं ही या तालुक्याची जमेची बाजू. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. दाखल होतानाच आरोग्यमित्राला भेटा. डिस्चार्जच्या वेळी योजना आठवून उपयोग होत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८.

शिक्षण : कोपरगावात सीनिअर कॉलेज, इंजिनीअरिंग, आयटीआय घरून जाऊन-येऊन करता येतं. पुण्यातल्या मेस आणि कॉटबेसिसचा खर्च वाचतो. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी फेरीतून, म्हणजे कॅप राऊंडमधून घ्यावा लागतो.

घर : घरकुलाला सपाट भागात केंद्राच्या योजनेतून १ लाख २० हजार रुपये मिळतात. पण काळ्या जमिनीत पाया खोल न्यावा लागतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला चिरा पडतात. पायात वाचवलेले पैसे पुढं दुरुस्तीला दुप्पट जातात.

पैशात न मोजता येणारं

राहण्यासाठी जागा चांगली की वाईट, हे नुसत्या खर्चावर ठरत नाही. रात्रीच्या पाळीला वीज असेल तर शेतकऱ्याला अंधारात मोटार चालू करायला जावं लागतं. उसाच्या भागात बिबट्याची भीती आहे, साप-विंचवाची तर कायमचीच. म्हणून दिवसा वीज मिळणं ही इथं सोय राहिलेली नाही, जिवाचा प्रश्न झाला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला फिडर आपल्या गावाला जोडला गेला का, ते महावितरणच्या कार्यालयात विचारा.

दुसऱ्या बाजूला भावकी, शेजार, अडीअडचणीला धावून येणारी माणसं, म्हाताऱ्या आई-वडिलांकडं लक्ष. शहरात याच गोष्टींसाठी पैसे मोजावे लागतात. तान्हं मूल सांभाळायला आजी घरात असणं ही सुनेच्या नोकरीची निम्मी हमी असते.

गावी परत येण्याआधी हे सात प्रश्न विचारा

१. मार्च ते जून या महिन्यांत घराला पाणी कुठून येतं? गेल्या वर्षी टँकर लागला होता का?
२. टाकी किती लिटरची? किती दिवसांचं पाणी मावतं?
३. घरापासून फाटा किती लांब? शेवटची एसटी किती वाजता?
४. कामाला रोज किती किलोमीटर जावं लागेल? पेट्रोल वजा जाता हातात किती उरेल?
५. शेतीचं उत्पन्न बारा महिन्यांत वाटलं तर महिन्याला किती पडतं?
६. पैसा येईपर्यंत घर किती महिने उधारीशिवाय चालेल?
७. रेशनकार्ड, सातबारा, आधार यांवरची नावं जुळतात का? योजनांचे पैसे इथंच अडतात.

सातही उत्तरं एका कागदावर लिहा आणि घरातल्या सगळ्यांसमोर, घरातल्या बायकांसमोर तर आवर्जून, वाचून दाखवा. पाण्याचा आणि किराण्याचा खरा हिशोब त्यांच्याकडंच असतो. घरभाडं वाचतंय एवढ्यावर निर्णय घेऊ नका. उन्हाळ्यात एक महिना राहून बघा. कोपरगावचा महिन्याचा खरा खर्च मे महिन्यातच कळतो.